जिराफ ॲमेझॉनने मारला नाही

एक स्लाइड तुम्ही नक्की पाहिली असेल. कॉलेजातल्या एखाद्या पाहुण्याच्या व्याख्यानात, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये, नाहीतर सकाळी सकाळी काकांनी ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डमध्ये. डावीकडे कोडॅक, मग नोकिया, मग ब्लॉकबस्टर आणि शेवटी एक हसरा जिराफ. खाली ठळक अक्षरांत: काळाप्रमाणे बदला, नाहीतर संपा.

तो जिराफ 'टॉईज आर अस'चा. त्याचं नाव जेफ्री. खेळण्यांच्या दुकानांची ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी साखळी २०१८ साली बंद पडली. स्लाइडमधली गोष्ट सोपी आहे: ॲमेझॉन आलं, मुलं मोबाइलवर खेळायला लागली, कंपनी झोपून राहिली आणि मेली. तात्पर्य, तुम्ही झोपू नका, नवीन स्किल शिका, एखादा कोर्स करा.

मला या स्लाइडशी भांडायचं आहे. ती अर्धी खरी आहे, आणि अर्धं खरं पूर्ण खोट्यापेक्षा जास्त टिकतं. ती खरी मानली की पुढे आपण बरंच काही मुकाट्याने मान्य करतो. उदाहरणार्थ, नोकरी गेली तर चूक आपलीच, आपणच बदललो नाही.

आधी खरा अर्धा भाग

चार्ल्स लाझरसने १९४८ साली वॉशिंग्टन डीसीमध्ये दुकान काढलं ते लहान बाळांच्या फर्निचरचं, म्हणजे पाळणे वगैरेंचं. महायुद्ध संपलं होतं, सैनिक घरी आले होते, घरोघरी बाळं जन्मत होती. लाझरसच्या लवकरच लक्षात आलं की लोक पाळणा एकदाच विकत घेतात, दुसऱ्या मुलाला तोच चालतो. खेळणं मात्र मोडतं आणि आईबाप पुन्हा दुकानात येतात. १९५७ साली मेरीलँडमधल्या रॉकव्हिलला त्याने फक्त खेळण्यांचं मोठं दुकान काढलं. सुपरमार्केटसारखे उंच रॅक, हातात ट्रॉली, हवं ते स्वतः उचला. खेळणी फक्त ख्रिसमसला नाही, वर्षभर. आणि डायपर जवळजवळ खरेदीच्या भावात, कारण डायपरसाठी आलेली आई रिकाम्या हाताने परत जात नाही.

त्याने १९६६ साली धंदा 'इंटरस्टेट' नावाच्या कंपनीला विकला. ती १९७४ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिची खेळण्यांची दुकानं उत्तम चालत होती. १९७८ मध्ये त्या दुकानांच्याच जोरावर कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली आणि तिने 'टॉईज आर अस' हेच नाव घेतलं. म्हणजे हे दुकान एका दिवाळखोरीतून धडधाकट बाहेर आलेलं होतं.

या साखळीसाठी गळा काढायचा माझा विचार नाही. तिच्या आवाढव्य दुकानांपुढे गावोगावची छोटी खेळण्यांची दुकानं टिकली नाहीत. नव्वदच्या दशकात कॉस्टकोसारखे घाऊक क्लब स्वस्तात खेळणी विकायला लागले, तेव्हा तिने खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांवर दबाव आणला, की आम्हाला देता तीच खेळणी त्यांना देऊ नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हे बेकायदा ठरवलं आणि २००० साली अपिलाच्या न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. स्पर्धेचा आदर वगैरे या जिराफानेही कधी केला नव्हता.

मग तिला वरचढ भेटला. लाझरसने डायपरचं जे केलं, तेच वॉलमार्टने खेळण्यांचं केलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खेळण्यांवर नफा सोडायचा आणि गिऱ्हाईक आलं की बाकीच्या मालावर कमवायचं. ज्याच्याकडे फक्त खेळणीच आहेत त्याने काय करावं? १९९८ साली खेळणी विकण्यात वॉलमार्टने पहिला नंबर पटकावला.

ऑनलाइनची सुरुवातही फसली. १९९९ च्या ख्रिसमसला वेबसाइटवर आलेल्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत. मुलांना झाडाखाली खेळणं मिळालं नाही आणि कंपनीला दंड भरावा लागला. घाबरून तिने २००० साली ॲमेझॉनशी दहा वर्षांचा करार केला. ॲमेझॉनवर खेळणी विकण्याच्या हक्कासाठी वर्षाला ५ कोटी डॉलर आणि विक्रीतला वाटा. गिऱ्हाइकाने टॉईज आर असच्या पत्त्यावर क्लिक केलं तरी ते पोचायचं ॲमेझॉनवर. पुढे ॲमेझॉनने दुसऱ्यांनाही खेळणी विकू द्यायला सुरुवात केली, म्हणून २००४ मध्ये कंपनी कोर्टात गेली आणि २००६ मध्ये करारातून सुटली. तोवर खेळणी ऑनलाइन कशी विकायची ते ॲमेझॉन शिकलं होतं आणि टॉईज आर असला सगळं पहिल्यापासून शिकायचं होतं.

स्लाइडची बाजू मी जमेल तेवढी नीट मांडली. चुका खऱ्या आहेत आणि मोठ्या आहेत. पण २००४-०५ मध्ये ही कंपनी मेलेली नव्हती. वर्षाला ११ अब्ज डॉलरच्या आसपास विक्री होती आणि डोक्यावर कर्ज होतं १.८६ अब्ज. दमलेली, गोंधळलेली, पण चालती कंपनी. स्लाइडवर नसलेला प्रसंग याच्या पुढे येतो.

वडापावच्या गाडीचा सौदा

२००५ साली बेन कॅपिटल, केकेआर आणि व्होर्नाडो या तीन गुंतवणूकदारांनी मिळून ही कंपनी ६.६ अब्ज डॉलरना विकत घेतली. त्यांतले स्वतःचे घातले सुमारे १.३ अब्ज. बाकीचे कर्जाने उभे केले. आता नीट वाचा: ते कर्ज घेणाऱ्यांच्या डोक्यावर बसलं नाही. ते बसलं टॉईज आर असच्या डोक्यावर.

हे डोक्यात शिरायला वेळ लागतो, म्हणून आपल्या नाक्यावर आणून बघू. कोपऱ्यावर वडापावची गाडी आहे. बरी चालते. एक शेठ येतात आणि ती १०० रुपयांना विकत घेतात. स्वतःच्या खिशातले २० आणि सावकाराकडून ८०. पण सावकाराच्या वहीत नाव शेठचं नाही, गाडीचं. आता वडे तळणाऱ्याने वडे विकून त्या ८० रुपयांचं व्याज फेडायचं, वर शेठना 'मार्गदर्शनाची' फीही द्यायची. गाडी बुडाली तर शेठचे २० जातील. सावकार कढई, सिलिंडर उचलून नेईल. तळणारा घरी जाईल.

याला लेव्हरेज्ड बायआउट म्हणतात. तिथे हे पूर्ण कायदेशीर आहे.

सौदा होताच टॉईज आर असचं कर्ज ५ अब्ज डॉलरच्या वर गेलं. त्यातून विकत घेणाऱ्यांचे पैसे उभे राहिले. दुकानांना नवा रंग लागला नाही, नवी वेबसाइट झाली नाही, कुणाचा पगार वाढला नाही. २००७ सालापर्यंत धंद्यातून झालेला नफा जवळजवळ सगळा व्याजात जायला लागला होता.

यात बेन कॅपिटल नवशिकं होतं असंही नाही. अमेरिकेत खेळण्यांची आणखी एक साखळी होती, केबी टॉईज. ती बेनने २००० साली अशाच कर्जाच्या सौद्यात घेतली होती. २००२ साली त्या कंपनीच्या नावावर आणखी कर्ज काढून मालकांनी स्वतःला कोट्यवधी डॉलरचा लाभांश दिला. जानेवारी २००४ मध्ये केबी टॉईज दिवाळखोरीत गेली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात बेन टॉईज आर असच्या सौद्यात दाखल झालं.

वर्षाला ४० कोटी

२०१७ साली दिवाळखोरीचा अर्ज करताना कंपनीने न्यायालयात स्वतःच सांगितलं की कर्जापायी दरवर्षी सुमारे ४० कोटी डॉलर जातात, आणि त्यामुळे स्पर्धकांनी केला तसा खर्च दुकानांवर आणि ऑनलाइनवर करता आला नाही.

४० कोटी म्हणजे किती? अमेरिकेतल्या शेवटच्या ७३५ दुकानांत वाटले तर दर दुकानामागे ५ लाखांहून जास्त डॉलर, दरवर्षी. तेवढ्यात रंगरंगोटी होते, दिवे बदलतात, खेळण्यांची माहिती असलेली चार माणसं जास्त ठेवता येतात, मुलांना खेळून बघायला जागा करता येते. सौद्यानंतरची बारा वर्षं याच सरासरीने धरली तर पावणेपाच अब्ज डॉलर गेले. आणि एवढं देऊनही शेवटी कर्ज शिल्लक होतं सुमारे ५ अब्जच.

दुकानं कळकट झाली होती हे खरं आहे. शोधलेलं खेळणं सापडायचं नाही, विचारायला माणूस मिळायचा नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं आकाशपाळणा असलेलं दुकान २०१५ अखेर बंद झालं. पण 'कंपनी बदलली नाही' आणि 'कंपनीला बदलायला पैसे उरले नाहीत' या दोन वाक्यांत फरक आहे. घराचे हप्ते भरून महिन्याला हजार रुपये उरणाऱ्या माणसाला 'तू जिमला का जात नाहीस, स्वतःवर खर्च का करत नाहीस' असं विचारावं, तसं हे आहे.

कर्जाने आणखी एक गोष्ट केली. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत जाणार अशी बातमी फुटली आणि काही दिवसांत सुमारे ४० टक्के पुरवठादारांनी सांगितलं की आता उधारी बंद, रोख द्या, माल घ्या. तोंडावर ख्रिसमस. १८ सप्टेंबरला अर्ज दाखल झाला, सीझन वाईट गेला आणि १५ मार्च २०१८ ला अमेरिकेतली सगळी दुकानं बंद करण्याची घोषणा झाली. त्यानंतर आठवड्याभरात, २२ मार्चला, चार्ल्स लाझरस वारला. तो ९४ वर्षांचा होता.

'तरीही ॲमेझॉनने मारलंच असतं'

हा आक्षेप नेहमी येतो. कर्ज नसतं तरी काय, उशिरा मेली असती इतकंच. याला उत्तर आहे आणि ते अमेरिकेतच आहे: बेस्ट बाय.

टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरे विकणारी ही साखळी २०१२ मध्ये मरणार असं सगळेच सांगत होते. लोक तिच्या दुकानात येऊन टीव्ही बघायचे आणि घरी जाऊन ॲमेझॉनवर घ्यायचे. खेळण्यांपेक्षा हा माल ऑनलाइन विकायला सोपाच. त्याच वर्षी ह्युबर्ट जोली तिथे प्रमुख म्हणून आले. ऑनलाइन जो भाव असेल तो आम्ही देऊ, असं कंपनीने जाहीर केलं. दुकानांतूनच ऑनलाइन ऑर्डरी पाठवायला सुरुवात केली. माणसांना मालाची माहिती नीट शिकवली. मोबाइल कंपन्यांना दुकानात त्यांचे कोपरे भाड्याने दिले. काही दुकानं बंदही केली. बेस्ट बाय जगली.

आणि एक गंमत बघा. त्याच २०१२ साली बेस्ट बायचे संस्थापक रिचर्ड शुल्झ कंपनी अशाच पद्धतीने विकत घ्यायला निघाले होते. सौदा जमला नाही. तो जमला असता तर जोलींच्या हातात शिकवायला, भाव कमी करायला पैसे उरले असते का, हा प्रश्न स्लाइड बनवणाऱ्यांना विचारावासा वाटतो.

टॉईज आर असच्या स्वतःच्या घरातही पुरावा आहे. अमेरिकेतली दुकानं बंद होत होती तेव्हा कॅनडातली दुकानं सुमारे ३० कोटी कॅनेडियन डॉलरना विकली गेली. घेणारे होते हैदराबादेत जन्मलेले प्रेम वत्स यांचं फेअरफॅक्स. आशियातला धंदाही विकला गेला आणि चालू राहिला. ॲमेझॉन कॅनडात आहे, जपानमध्येही आहे. मोबाइल तर सगळीकडेच आहेत.

प्रायव्हेट इक्विटीचा प्रत्येक सौदा असाच संपतो असं मी म्हणत नाही. बार्न्स अँड नोबल ही पुस्तकांची साखळी २०१९ मध्ये एका गुंतवणूक फंडाने घेतली आणि ती आज नवी दुकानं उघडते आहे. टॉईज आर असच्या मालकांचेही १.३ अब्ज बुडाले हेही नोंदवतो. पण स्वतःच्या मर्जीने लावलेला डाव हरणं वेगळं आणि ज्याला कुणी विचारलंच नाही त्याने हरणं वेगळं.

तळणाऱ्याचं काय झालं

अमेरिकेत सुमारे ३३,००० माणसांची नोकरी गेली. त्यांत वीस-वीस, तीस-तीस वर्षं काम केलेल्या बायका होत्या. कंपनी बंद होताना नुकसानभरपाईचा एक डॉलरही मिळणार नाही असं त्यांना कळलं. अमेरिकेत तसा राष्ट्रीय कायदाच नाही. दिवाळखोरीच्या अर्जाआधी काही दिवस मात्र शंभराहून जास्त वरिष्ठांना मिळून ८० लाखांहून अधिक डॉलर वाटले गेले होते. नोकरी सोडून जाऊ नका म्हणून.

या माणसांचं पुढे काय झालं ते स्लाइड सांगत नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं आहे. त्यांनी कोर्स केले नाहीत. त्या एकत्र आल्या. आपल्या दुकानाचा मालक नेमका कोण हे अनेकींना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या गुंतवणूकदारांच्या कचेऱ्यांपुढे उभ्या राहिल्या, खासदारांना भेटल्या. आणि त्या निवृत्तिवेतन फंडांकडेही गेल्या, कारण अशा गुंतवणूकदारांकडचा पैसा पुष्कळदा शिक्षकांच्या, सरकारी नोकरांच्या पेन्शनचा असतो. तुमचा पैसा काय करतोय ते बघा, असं त्यांनी त्यांना सांगितलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये केकेआर आणि बेनने मिळून २ कोटी डॉलरचा मदतनिधी काढला. कामगारांच्या हिशेबाने देणं ७.५ कोटींचं होतं. माणशी सरासरी सहाशे डॉलर पडले.

सहाशे डॉलर म्हणजे विजय नव्हे. पण कंपनीचं मुख्यालय ज्या न्यू जर्सीत होतं, तिथे जानेवारी २०२० मध्ये कायदा झाला: मोठ्या कंपनीने सामूहिक कपात केली तर कामाच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावाच लागेल. तो २०२३ पासून लागू आहे. खेळण्यांच्या दुकानातल्या बायकांनी मिळवलेला हा कायदा एखाद्या स्लाइडवर असायला हरकत नव्हती.

आपला काय संबंध?

ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज झाल्यावर महिन्याभरात, टॉईज आर असचं भारतातलं पहिलं दुकान बंगळुरूच्या मॉलमध्ये उघडलं. लंडनचं १७६० पासूनचं हॅमलीज २०१९ पासून रिलायन्सचं आहे. ब्रँड येतात, मालक बदलतात. आपण आत जाऊन किमती बघतो आणि मालक कोण हे बघत नाही.

वडापावच्या गाडीचा सौदा भारतात मात्र अजून सोपा नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६७ प्रमाणे पब्लिक कंपनीला स्वतःचेच शेअर विकत घेणाऱ्याला आर्थिक मदत करता येत नाही. शेअर घेऊन कंपनी ताब्यात घेण्यासाठी बँकांनी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने वर्षानुवर्षं बंधनं ठेवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने ही वाट बँकांसाठी मोकळी करायचं जाहीर केलं. यावर गुलाबी वर्तमानपत्रांत स्वागताचे लेख आले. तिथे काउंटरवर उभं राहणाऱ्यांचा उल्लेख सहसा नसतो.

दिवाळखोरीच्या आपल्या कायद्यात कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने धरली जातात. हे अमेरिकेपेक्षा बरं आहे. पण मॉलमधल्या दुकानात तुम्हाला बूट दाखवणारा मुलगा, डार्क स्टोअरमध्ये पिशवी भरणारी मुलगी, यांतले कितीतरी ठेकेदाराच्या यादीवर असतात. दुकान बुडालं तर त्यांनी कुणाच्या दारात जायचं, हे आधीच पुसट करून ठेवलेलं आहे.

म्हणून बंधनं सैल करायचीच असतील तर दोन अटी मागायला हव्यात. कंपनी घेण्यासाठी काढलेल्या कर्जाची ठरावीक जबाबदारी घेणाऱ्यावर राहिलीच पाहिजे. आणि व्याजाचा पहिला हप्ता जाण्याआधी कामगारांच्या भरपाईची रक्कम वेगळी काढून ठेवली पाहिजे, त्यात ठेकेदाराकडची माणसंही धरून. यात क्रांती वगैरे काही नाही. घर घेताना बँक आपल्याकडूनही वीस टक्के आणि जामीनदार मागतेच की.

तुमच्यापैकी कित्येक जण अशा कंपन्यांत काम करता ज्यांचा मालक तुम्ही कधी पाहिलेला नाही. एखाद्या सोमवारी तुम्हाला मीटिंगला बोलावतील. स्पर्धा वाढली आहे, बाजार बदलला आहे, कठीण निर्णय घ्यावे लागत आहेत, असं सांगतील. मागे पडद्यावर कदाचित तो जिराफही असेल. तेव्हा मान खाली घालून आपण काय शिकायला हवं होतं याची यादी करत बसू नका. हात वर करा आणि विचारा: कंपनीवर कर्ज किती आहे, ते कशासाठी काढलं आणि ते पैसे कुणाकडे गेले?